विहीर सामाईक, पाळी ठरलेली

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वावराचा सातबारा उघडला, की 'इतर हक्क' या रकान्यात कधी कधी एक लहानशी ओळ सापडते : विहिरीत एक तृतीयांश हिस्सा. आजोबांनी खोदलेली विहीर, पुढच्या पिढीत तीन भावांत वाटलं गेलेलं वावर. धुरे पडले, चुली वेगळ्या झाल्या, बैलजोडी एकाकडे आणि बंडी दुसऱ्याकडे गेली. पण विहीर काही चिरून तिघांना देता येत नाही. मग पाण्याऐवजी वेळ वाटली जाते. दोन दिवस थोरल्याचे, दोन मधल्याचे, दोन धाकट्याचे. रात्रीची लाईट ज्याच्या वाट्याला आली, त्यानं पुढच्या खेपेला दिवसाची घ्यायची. कुणाच्या घरी लग्न निघालं तर पाळी उसनी द्यायची आणि नंतर परत घ्यायची. सरकारी कागदावर हिस्सा तेवढा असतो, ही पाळी मात्र तोंडी चालते, आणि ओलित त्या तोंडी वहिवाटीवर होतं. भांडणं होतात, बोलणं बंद होतं, तरी मोटारीचा खटका ठरलेल्या दिवशी ठरलेल्या हातानं दाबला जातो. आज घराघरांत ऑनलाइन खेळांची जी वर्गणी भरली जाते आणि एका वर्गणीवर चार-सहा जण खेळतात, तिचा विचार करायला मला ही विहीर बरी वाटते. 'पासवर्ड शेअर करणं' या नव्या शब्दांत ज्याला कधी काटकसर म्हणतात आणि कधी चोरी, तो मुळात सामाईक वस्तूचा जुनाच प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं आपल्याकडे बरीच आधी काढून ठेवलेली आहेत.

आधी ही विहीर केवढी ते पाहू. गूगल प्ले पास भारतात २०२२ च्या फेब्रुवारीत आला. महिन्याला ९९ रुपये, आणि वर्गणी भरणारा आपल्या कुटुंबगटातल्या आणखी पाच जणांना त्यात घेऊ शकतो. ॲपल आर्केड २०१९ मध्ये महिन्याला ९९ रुपयांनीच सुरू झालं, आणि तिथंही घर सहा जणांचं. संगणकावर खेळणाऱ्यांच्या स्टीम या दुकानानं सप्टेंबर २०२४ पासून 'फॅमिलीज' नावाची सोय सर्वांना खुली केली, त्यातही सहा. निन्टेंडोच्या कौटुंबिक वर्गणीत आठ. म्हणजे ९९ रुपयांचे सहा भाग केले, तर माणशी साडेसोळा रुपये. सेलू किंवा देवळीच्या स्टँडवरच्या दोन कप चहाचा हा हिशेब. एवढ्या रकमेसाठी निबंध कशाला, असं कुणी म्हणेल. पण प्रश्न रकमेचा नाहीच. सहा हा आकडा कुणी ठरवला, त्या सहांत कोण बसतं, आणि बसलेल्यांत कुणाची पाळी कधी येते, हे तीन प्रश्न आहेत. माझं म्हणणं असं, की वर्गणी वाटून वापरणं उचित आहे. पण त्याचं औचित्य दुसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक आणि तिसऱ्याला न्याय्य उत्तर देणाऱ्या घरालाच मिळतं. ज्या घराला पाळी ठरवता येत नाही, त्यानं 'आम्ही एक कुटुंब आहोत' हे कंपनीला ऐकवण्यात अर्थ नाही.

सुरुवात घराच्या व्याख्येपासून. खेळ विकणाऱ्या कंपन्यांना ती नेहमीच अवघड गेलेली आहे. २००४ साली आलेल्या आणि दरमहा वर्गणीवर चालणाऱ्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या जुन्या करारात एक खातं आई किंवा बाप आणि त्यांचं एक अल्पवयीन मूल, एवढ्यांनीच वापरावं अशी अट होती. एकच मूल! दोन मुलं असलेल्या घरानं कुणाला निवडायचं, याचं उत्तर करारात कशाला असेल? नेटफ्लिक्सनं २०१७ मध्ये पासवर्ड वाटून घेणं म्हणजेच प्रेम, असं ट्विटरवर लाडानं लिहिलं होतं. त्याच कंपनीनं जुलै २०२३ मध्ये भारतातल्या ग्राहकांना कळवलं, की खातं एका घरापुरतंच आहे. आता नेटफ्लिक्सच्या वर्गणीत मोबाइलवरचे खेळही येतात, त्यामुळं ही गोष्ट सिनेमापुरती राहिलेली नाही. त्यांचं 'घर' ओळखण्याची रीत अशी : इंटरनेटचा पत्ता, यंत्रांचे क्रमांक आणि खात्यावरची हालचाल. म्हणजे वायफाय पोचतं तिथवर घर. याच्या शेजारी भारतीय जनगणनेची व्याख्या ठेवून बघावी. एरवी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब. कामाच्या निकडीमुळं कुणाला तसं जेवता आलं नाही तरी ते कुटुंबातलंच. वसतिगृहातलं मूल जनगणनेत वसतिगृहात मोजलं जातं, हे खरं. पण मोजणीला एक माणूस दोनदा यायला नको असतो, एवढंच त्यामागचं कारण. नातं तोडण्याचा तिचा हेतू नसतो. हिंगणघाटचा मुलगा पुण्यात शिकतो, आर्वीची मुलगी नागपूरला परीक्षेची तयारी करते, पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरीला असलेल्याची उद्या कुठंही बदली होते. दिवाळीला हे सगळे एकाच ताटाभोवती बसतात. चुलीवरून घर ओळखणारा आपला जुना हिशेब यांना घरातलेच म्हणतो. वायफायवरून ओळखणारा नवा हिशेब म्हणत नाही. यात चुलीचा हिशेब अधिक शहाणा आहे, असं मी म्हणेन.

पण चूलही ताणायची किती, हा प्रश्न उरतोच. इथं सहा या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण तो आकडा वर्धा जिल्ह्याला नवा नाही. धाम नदीकाठच्या पवनारला राहणारे विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये इथूनच पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिलं भूदान मिळालं. पुढं गावोगाव त्यांचं मागणं ठरलेलं होतं : तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या. देशभरच्या पाच कोटी एकरांचं त्यांचं लक्ष्य याच हिशेबातून आलं होतं. भूदान आणि मोबाइलवरचा खेळ एका तागडीत घालता येत नाही, हे उघड आहे, आणि विनोबांकडून खेळाच्या वर्गणीला प्रशस्तिपत्र मिळवण्याचा माझा विचारही नाही. त्यांचं गणित मात्र उसनं घेण्यासारखं आहे. कंपनीचा सहा म्हणजे छप्पर, सातवा बाहेर. विनोबांचा सहा म्हणजे उघडं दार. घरात नसलेल्याला घरातला मानायचं. पण हे दार फुकट उघडत नाही. सहावा आत आला की आधीच्या पाचांचा प्रत्येकाचा हिस्सा कमी होतो, आणि तो कमी करून घ्यायला देणारा तयार असतो, म्हणूनच त्याला देणं म्हणतात. वाटून वापरण्याची खरी कसोटी मला इथं सापडते. तुम्ही वाटलंत तेव्हा तुमचं स्वतःचं काही कमी झालं का? झालं असेल, तर ते वाटणं. झालं नसेल, आणि कमी झालं ते फक्त दुसऱ्याचं, तर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

या कसोटीवर स्टीमचे नियम तपासून बघण्यासारखे आहेत. २०१४ पासून चाललेल्या त्यांच्या जुन्या सोयीत एका माणसाचा सगळा संग्रह हीच एक विहीर होती. मालक कुठलाही एक खेळ खेळत बसला, की बाकीच्यांना त्याच्या संग्रहातला दुसराही खेळ उघडता येत नसे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक खेळ ही वेगळी विहीर झाली. दादा शर्यतीचा खेळ खेळत असेल, तर ताईला त्याच्याच संग्रहातलं कोडं सोडवता येतं. पण शर्यतीची प्रत एकच असेल, तर ती एका वेळी एकालाच. दुसऱ्यानं थांबायचं. पडद्यावर 'खेळा' या बटणाऐवजी खेळ सध्या दुसऱ्याच्या हातात आहे अशी सूचना येते, आणि तिथून खरं घर सुरू होतं. कुणीतरी जिन्यावरून ओरडतं, दुसरं म्हणतं 'एवढी फेरी होऊ दे', तिसरं आईकडं जातं. ही कटकट म्हणजे व्यवस्थेतला दोष, असं अनेकांना वाटतं; मला ती तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सेवाग्रामच्या आश्रमात गेलेल्यांनी आदि निवास पाहिलेलं असेल. १९३६ मध्ये गांधीजी इथं राहायला आले, तेव्हा सुरुवातीला ते, कस्तुरबा आणि आल्यागेल्यांपैकी कितीतरी माणसं त्या एकाच खोलीत राहत. व्हाइसरॉयशी बोलणं व्हावं म्हणून पुढं आश्रमात टेलिफोन बसला, तोही एकच. एका खोलीत आणि एका यंत्रावर निभावायचं तर दुसऱ्याच्या वेळेचं भान ठेवावंच लागतं. ते भान उपदेशातून येत नाही. वस्तू एक आणि माणसं अनेक असली, की आपोआप येतं.

प्ले पास किंवा आर्केडसारख्या वर्गण्यांत सहाही जण एकाच वेळी खेळू शकतात. तिथं थांबायची वेळच येत नाही, मग कमी काय होतं? जागा कमी होते. सहा जागांपैकी एकीत मित्राचा ईमेल भरला, की ती जागा घरातल्या कुणाची तरी गेली. स्टीमनं तर ही जागा मुद्दाम महाग केलेली आहे. कुटुंबगट सोडणाऱ्या प्रौढाला दुसऱ्या गटात शिरायला, तो आल्याच्या दिवसापासून वर्ष पूर्ण व्हावं लागतं, आणि त्यानं रिकामी केलेली जागाही तेवढा काळ कुणाला देता येत नाही. शिवाय तुमच्या मालकीच्या खेळात गटातल्या कुणी लबाडी केली आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या खेळापुरती ती तुमच्यावरही येऊ शकते. नियम कडक आहेत, पण घर या शब्दाचा अर्थ त्यांना थोडासा कळलेला दिसतो. ज्याच्या चुकीचा भुर्दंड आपल्याला पडला तरी आपण त्याला बाहेर काढणार नाही, तो घरातला. बाकीचे ओळखीचे.

आता आक्षेपांकडं वळतो. पहिला आक्षेप चोरीचा : खेळ बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं राबायचं आणि एका वर्गणीवर सहा जणांनी मजा मारायची? याला अर्धं उत्तर कंपनीनंच दिलेलं आहे. घरातले वाटून खेळणार, हे धरूनच कौटुंबिक वर्गणीचा भाव ठरतो. सहा जागा तिनं स्वतः मांडलेल्या असतात, आपण भिंत फोडून आत शिरलेलो नसतो. पण उरलेलं अर्धं उत्तर आपल्याला द्यावं लागतं. त्या सहा जागा अनोळखी माणसांना पैसे घेऊन विकल्या, तर कुटुंबाच्या पाटीखाली दुकान थाटल्यासारखं होतं. विहिरीत हिस्सा असलेल्या भावानं आपल्या पाळीचं पाणी रोज टँकर भरून विकायला काढलं, तर बाकीचे दोघे गप्प बसणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. पुण्याला गेलेला मुलगा आणि पैसे देऊन घुसलेला तिऱ्हाईत, दोघांचंही वायफाय वेगळं असतं. कंपनीच्या यंत्राला त्यांच्यातला फरक कळत नाही, घराला कळतो. म्हणूनच तो निर्णय घराकडं असावा, आणि म्हणूनच घरानं तो प्रामाणिकपणे घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक सुखवस्तू आहे : ९९ रुपये ते काय, ज्याची त्यानं वर्गणी भरावी, भांडण मिटलं. भांडण मिटेल, यात शंका नाही. तीन भावांनी तीन बोअर मारले की विहिरीची पाळीही मिटते. त्याबरोबर भूजलही खाली जातं आणि विहिरीच्या काठावर होणारं बोलणंही संपतं. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जिथं बरीच घरं कापूस आणि सोयाबीनच्या भावाकडं डोळे लावून असतात, तिथं दरमहा कापली जाणारी प्रत्येक छोटी रक्कम वर्षाअखेरी जाणवते. ९९ गुणिले १२ म्हणजे ११८८ रुपये. चार माणसांनी वेगळ्या वर्गण्या घेतल्या तर पावणेपाच हजार. बहुतेक घरांत फुकटचे, जाहिराती दाखवणारे खेळच चालतात, आणि त्या फुकटाची किंमत जाहिरातींत आणि खेळामधल्या किरकोळ खरेद्यांत वसूल होते. त्याच्याशी तुलना केली तर एक ठरावीक, सांगून घेतलेली वर्गणी मला स्वच्छ वाटते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हाही वर्गणी वेगळी काढली : प्रवेशाची किंवा वर्गणीची रक्कम भरून खेळायचा सामाजिक खेळ चालेल, त्या रकमेचं रूप पणाचं नसावं. वर्गणी आणि पण यांतला हा भेद प्रत्येक घरानं आपल्या मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. गणपतीची वर्गणी आणि पत्त्यांचा डाव यांतला फरक ज्यांना कळतो, त्यांना तो अवघड जाऊ नये.

तिसरा आक्षेप म्हणतो, की यात तुमचं म्हणून काही नाहीच. मग विहिरीची उपमा कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, बराचसा. वर्गणी थांबली की खेळ थांबला. विकत घेतलेल्या खेळांचीही गत फार वेगळी नाही. स्टीमच्या कराराचं नावच 'सबस्क्रायबर ॲग्रीमेंट' असं आहे, आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या खेळालाही त्यात वर्गणीच म्हटलं आहे. २०२४ च्या मार्चअखेर युबिसॉफ्टनं 'द क्रू' या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनी तो रोख पैसे देऊन घेतला होता त्यांच्या हातीही काही उरलं नाही. स्टीमचं खातं मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही. विहिरीवर वारसाची नोंद होते, इथं होत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण मालकी नसल्यामुळंच पाळीचं महत्त्व वाढतं, असं मी म्हणेन. मुलांना खेळ वारशानं मिळणार नाहीत. मिळालीच तर वाटून घेण्याची सवय तेवढी मिळेल.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो कंपनीकडून येत नाही, घरातून येतो. सामाईक म्हटलं की थोरल्याचं, हा आपल्या एकत्र कुटुंबाचा इतिहास आहे. कर्ता ठरवेल ते पाणी आणि कर्ता ठरवेल ती पाळी. वर्गणीच्या घरातही कर्ता असतोच; गूगल त्याला 'फॅमिली मॅनेजर' म्हणतं. त्याच्या हाती जागा देणं-काढणं, मुलांच्या खरेदीला होकार-नकार देणं, स्टीमवर मुलं किती वेळ खेळतात ते ठरवणं. अठरा वर्षांखालच्या मुलाला १८७२ च्या करार कायद्यानं करार करता येत नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. म्हणजे कुणीतरी मोठं असणं अटळ आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायानं मग पासवर्ड बापाकडं, फोन दादाकडं, आणि मुलीकडं उरतात ती अभ्यासाची कारणं. ही भीती खोटी नाही. पण हे दुखणं सामाईकपणाचं नव्हे, हिस्सा न मोजण्याचं आहे. विहिरीच्या हिश्शातही मुली कुठं होत्या? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मानं समान हक्क दिला, आणि केंद्रानं तो २००५ मध्ये देशभर नेला. त्यासाठी एकत्र मालमत्ता मोडली नाही. तिच्यातले वाटेकरी नीट मोजले. खेळाच्या घरातही तेवढंच करायचं आहे. प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं, म्हणजे कुणी किती पुढं गेलं ते पुसलं जाणार नाही. आणि पाळी ठरलेली, म्हणजे वयानं किंवा आवाजानं मोठा असलेला ती गिळणार नाही. आदि निवासाच्या एका खोलीतही प्रत्येकाचा कोपरा वेगळा होता.

तेव्हा एका वर्गणीवर घरानं खेळावं, पुण्याच्या मुलालाही त्यात धरावं, जागा विकू नयेत, आणि पाळी मोजावी. स्वयंचलित वसुलीच्या नियमाप्रमाणं रक्कम कापली जाण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेनं ग्राहकाला तसं कळवायचं असतं. बहुतेक जण तो संदेश न वाचताच सरकवतात. पुढच्या खेपेला तो आला, की घरातल्या मुलीला एवढंच विचारा : या महिन्यात तुझी पाळी किती वेळा आली? उत्तर ऐकूनच काय ते ९९ रुपये कापू द्या.